भरवशाची उडी

विमानातून उडी मारायची तर आधी सह्या माराव्या लागतात. फॉर्म चांगला चार-पाच पानी असतो आणि त्याचा गोषवारा थोडक्यात असा: मी स्वखुशीने, शुद्धीवर राहून, धोका समजून-उमजून उडी मारत आहे, बरंवाईट झालं तर माझं मी बघेन आणि माझ्या मागे राहिलेले काही बोलणार नाहीत. हरयाणात नारनौलजवळ बाछौदची धावपट्टी आहे. डिसेंबरातल्या सकाळी तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून पंधराएक माणसं हा फॉर्म भरत होती आणि वाचत मात्र कोणीच नव्हतं. पान उलटायचं, सही करायची, पुन्हा पान उलटायचं. मधूनच सेल्फी.

माझ्या शेजारी सांगलीच्या एक काकू होत्या. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज, केसांचा घट्ट अंबाडा. मुलगा गुरुग्रामला नोकरीला, त्याच्याबरोबर आल्या होत्या. मी सहज विचारलं, "काकू, मुलाची उडी बघायला आलात का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बघायला तो आलाय. उडी माझी आहे."

मुलगा कसनुसं हसला. वजन शंभरीच्या पार गेल्यामुळे काट्यावरूनच त्याला बाजूला काढलं होतं. दोघांच्या उडीत एकाच छत्रीला दोन माणसं आणि पंचवीसेक किलोचं सामान पेलायचं असतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नव्वद ते शंभर किलोच्या आसपास रेघ आखलेली असते. या बाबतीत घासाघीस चालत नाही. काकू त्याला म्हणाल्या, "तरी सांगत होते, रात्रीचा भात सोड."

इथे जमलेल्या बहुतेकांच्या डोक्यात एक सिनेमा होता, हे उघड आहे. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि पोटापाण्याला लागलेल्या भारतीय तरुणांच्या 'करायच्या गोष्टीं'च्या यादीत स्कायडायव्हिंग जाऊन बसलं. त्यातली उडी स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाची. कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचं हे गाव स्कायडायव्हर मंडळींना सिनेमाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. पुढे आपल्याकडची गर्दी दुबईला वळली. पामच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर तेरा हजार फुटांवरून उतरणाऱ्या माणसाचा व्हिडिओ तुमच्याही कुठल्या तरी भाच्याने पाठवला असेलच. दुबईत या हौसेचे पन्नास हजारांच्या पुढे जातात, नारनौलला साधारण पंचवीस-तीस हजारांत भागतं. शिवाय पासपोर्ट लागत नाही. दिल्लीहून पहाटे गाडी काढली की तीन-साडेतीन तासांत माणूस धावपट्टीवर.

सिनेमात संगीत असतं, मोकळं निळं आकाश असतं, मित्र असतात. पॅराशूटची घडी कोण घालतं, ते मात्र कुठल्याच सिनेमात दिसत नाही.

टँडेम, म्हणजे दोघांच्या उडीत गिऱ्हाईक जवळजवळ काहीच करत नाही. तुमच्या अंगावर नुसता पट्ट्यांचा हार्नेस असतो. दोन्ही पॅराशूट इन्स्ट्रक्टरच्या पाठीवर. तुमचा हार्नेस त्याच्या हार्नेसला चार ठिकाणी अडकवलेला असतो, दोन खांद्यांपाशी आणि दोन कमरेपाशी. प्रशिक्षण म्हणून जे काही दिलं जातं ते अर्ध्या तासात संपतं: दारातून निघताना डोकं मागे आणि पाय मागे घेऊन अंगाची कमान करा, खांद्यावरची खूण मिळेपर्यंत हात छातीशी धरा, उतरताना पाय समोर उचला. झालं. एकट्याने उडी मारायची तर रीतसर कोर्स, परीक्षा आणि हळूहळू चढत जाणाऱ्या पायऱ्या असतात. टँडेममध्ये धाडस तुमचं, कसब दुसऱ्याचं. ज्याच्या कसबावर जीव टांगायचा त्याची ओळख सकाळी झालेली असते.

म्हणून मला धावपट्टीपेक्षा हँगरमध्ये जास्त वेळ काढावासा वाटला. तिथे जमिनीवर लांबलचक ताडपत्री अंथरली होती आणि एक पोरगेलासा पॅकर गुडघ्यांवर बसून नुकत्याच उतरलेल्या छत्रीची घडी घालत होता. टँडेमची छत्री साडेतीनशे-चारशे चौरस फुटांची असते. मुंबईत एवढ्या जागेत संसार होतात. ते सगळं कापड त्याला शाळेच्या दप्तराहून फार मोठ्या नसलेल्या पिशवीत बसवायचं होतं. आधी त्याने हार्नेसपासून वरपर्यंत एकेक दोरी बोटांतून सरकवत नेली. कुठे पीळ नाही ना, एक दोरी दुसरीवरून गेली नाही ना. मग स्लायडर वर ओढला. स्लायडर म्हणजे चार कोपऱ्यांना कड्या असलेला कापडाचा चौकोनी तुकडा, सगळ्या दोऱ्या त्या कड्यांतून जातात. छत्री उघडताना हा तुकडा हवेच्या दाबाविरुद्ध हळूहळू खाली सरकतो, म्हणून उघडायला तीन-चार सेकंद लागतात. तो नसता तर दोनशे किलोमीटरच्या वेगातून एका झटक्यात थांबताना माणसाच्या बरगड्यांचं काय झालं असतं, सांगायला नको. स्लायडरनंतर तो चक्क छत्रीवर पालथा पडला आणि पोटाने-छातीने आतली हवा काढू लागला. मग घड्या, मग पिशवी, मग दोऱ्यांच्या गुंड्या रबर बँडमध्ये अडकवणं.

एक रबर बँड त्याने ताणून पाहिला. मला तो धडधाकट दिसत होता. त्याने तो काढून टाकला आणि खिशातून नवा काढला.

"ठीक तो था," मी म्हटलं.

"ठीक था," तो म्हणाला, आणि नवा लावून पुढे सरकला.

'चालतंय की' हा आपला राष्ट्रीय मंत्र. तो न म्हणणारा माणूस मी एवढ्या जवळून फार क्वचित पाहिला आहे. या धंद्याचा पाया धाडसावर आहे असं जाहिराती सांगतात. ताडपत्रीवर बसून पाहिलं तर तो संशयावर उभा आहे हे कळतं. प्रत्येक वस्तू बिघडणार असं धरूनच पुढची वस्तू केलेली आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे इथे गृहीत, म्हणून गोठ्यात दुसरी म्हैस बांधूनच उडी मारतात. ही दुसरी म्हणजे राखीव छत्री. मुख्य छत्रीची घडी पॅकर घालतो. राखीव छत्रीला त्याने हातही लावायचा नसतो. तिच्यासाठी वेगळा परवानाधारक रिगर असतो. तो ती तपासतो, घडी घालतो, सील लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ही घडी उघडलीच गेली नाही तरी दर १८० दिवसांनी सोडून नव्याने घालावी लागते.

पण राखीव उघडायची तर आधी गुंतलेली मुख्य छत्री टाकून द्यायला हवी, नाहीतर दोघी एकमेकींत अडकतील. त्यासाठीची युक्ती मी पॅकरकडून पुन्हा पुन्हा करून घेतली, इतकी ती देखणी आहे. खांद्यापाशी तीन रिंगा असतात: मोठी हार्नेसवर, मधली आणि छोटी छत्रीकडच्या पट्ट्यावर. मधली मोठीतून ओवून वर दुमडायची, छोटी मधलीतून, छोटीवरून दोरीचा एक फास आणि त्या फासातून पिवळी प्लास्टिकची गुळगुळीत तार. प्रत्येक रिंगेपाशी भार कमी होत जातो आणि दोन माणसांचं वजन पेलणाऱ्या त्या जोडणीत शेवटच्या फासावर इतका थोडा ताण उरतो, की तार हाताने ओढली की सर्र करून सगळं सुटतं. बिल बूथ या अमेरिकन माणसाने १९७०च्या दशकात हे जुळवलं. पुढच्या दशकात टँडेमची साधनं घडवणाऱ्यांतही तो अग्रभागी होता. जगभरातली पर्यटकांची उडी या माणसाच्या डोक्यावर चालते आणि त्याचं नाव गिऱ्हाइकांपैकी कोणाला ठाऊक नसतं.

आणि इन्स्ट्रक्टरच हवेत बेशुद्ध पडला तर? त्याचीही तजवीज आहे. राखीव छत्रीच्या कप्प्यात एक छोटं यंत्र असतं; हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. जमिनीपासून साधारण १,९०० फुटांवर येऊनही टँडेम जोडी दगडासारखी पडतेच आहे असं दिसलं, की ते राखीव छत्री बांधून ठेवणारा दोरा स्वतःच कापतं. हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसाने मित्राच्या मृत्यूनंतर या यंत्राचा ध्यास घेतला आणि १९९१ साली 'सायप्रेस' बाजारात आणलं.

पहिल्यापासून ही विद्या अशीच अपघातांच्या आणि तक्रारींच्या मागून चालत आली आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या पार्क मोंसोमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ फुग्यातून वर गेला, दोर कापला आणि रेशमी छत्रीखालच्या टोपलीत बसून खाली आला. छत्रीला वर भोक नव्हतं. कोंडलेली हवा कडेने सुटायची आणि टोपली भयंकर हेलकावायची. पुढे माथ्याला भोक आलं. १९६०च्या दशकात डोमिना जाल्बर्टने पुढून हवा घेऊन फुगणाऱ्या कप्प्यांचं आयताकृती कापड आणलं. त्याने छत्रीचा पंख झाला आणि हवी तिथे, हव्या त्या दिशेने उतरता येऊ लागलं.

एवढं सगळं बघून होईपर्यंत धुकं हललेलं नव्हतं. उत्तर भारतात हिवाळा हा उडीचा चांगला हंगाम, पण सकाळचं धुकं पाचवीला पुजलेलं. खालची जमीन दिसत नसेल तर दार उघडायचं नाही हा नियम. मग चहा, समोसे, पुन्हा चहा. काकूंनी पिशवीतून चकल्या काढल्या. कोणीतरी विषय काढला आणि शीतल महाजनांचं नाव निघालं.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. १८ एप्रिल २००४, उणे ३७ अंश, हेलिकॉप्टरमधून, २,४०० फुटांवरून. त्याआधी सरावाची एकही उडी नाही. २००६च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुव झाला. २०११मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडमध्ये पट्टायाला त्यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली, आणि २०२३च्या नोव्हेंबरात एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून. नऊवारीचं ऐकून काकू क्षणभर थांबल्या. "काष्टा घट्ट असेल तर काही होत नाही," त्यांनी निकाल दिला.

गंमत अशी, की या छत्रीशी मराठी माणसाचं नातं हौसेच्या फार आधीचं आहे. लष्करातली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, '२ पॅरा', ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. ११ डिसेंबर १९७१ला पूर्व पाकिस्तानात टांगाईलला छत्र्या उतरल्या त्या याच पलटणीच्या. पुढच्या पाच दिवसांत ढाका पडलं. त्या जवानांपुढे कोणी चार पानी फॉर्म ठेवला नव्हता.

अकराच्या सुमारास धुकं फाटलं आणि नावं पुकारली जाऊ लागली.

विमान छोटं, आतल्या खुर्च्या काढलेल्या. इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात पाय पसरून बसायचं. वर चढायला पाऊण तास लागल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात निम्माही लागत नाही. खाली मोहरीची पिवळी शेतं, वीटभट्ट्या, अरवलीच्या उघड्या बोडक्या रांगा. माझा इन्स्ट्रक्टर पूर्वी फौजेत होता. त्याने कानाशी येऊन एक टेकाड दाखवलं: ढोसी. च्यवन ऋषींचा आश्रम तिथे होता असं मानतात. ज्यांच्या नावाचं प्राश आपण थंडीत चमचा-चमचा खातो तेच हे. दहा हजार फुटांवर हवा जमिनीपेक्षा वीसेक अंशांनी गार असते. त्याने चारही हूक आवळले, एकेक हूक मला हाताने चाचपायला लावला आणि मग स्वतः पुन्हा चाचपला.

दार उघडल्यावरचे क्षण वाईट, हे कबूल करतो. माणसाच्या मेंदूला दार हे ज्या कामासाठी ठाऊक असतं त्यात हे बसत नाही. पाय बाहेर काढायचे आणि पायांखाली काही नाही.

नंतर मात्र अपेक्षा होती ती गोष्ट घडलीच नाही. जत्रेतल्या पाळण्यात पोटात खड्डा पडतो, तसा इथे पडत नाही. विमान आधीच वेगाने पुढे जात असतं, म्हणून तुम्ही स्थिर जागेवरून कोसळत नाही. आडवा वेग वळत वळत उभा होतो. इन्स्ट्रक्टर लगेच ड्रोग नावाची छोटी छत्री मागे सोडतो. ती नसती तर दोघांच्या वजनाने वेग तीनशे किलोमीटरच्या घरात गेला असता. तिच्यामुळे तो दोनशेच्या आसपास राहतो. दहा-बारा सेकंदांनी वेग वाढायचा थांबतो आणि पडतोय असं वाटेनासंच होतं. वारा जाणवतो, तो विलक्षण. आवाज इतका, की आपण ओरडलो की नाही हे नंतर व्हिडिओत बघून कळतं. गाल कानाकडे निघालेले असतात. पृथ्वी जवळ येताना दिसत नाही. एवढ्या उंचीवरून अंतराचा अंदाजच येत नाही. हे सारं दहा हजार फुटांवरून अर्ध्या मिनिटाच्या आसपास, तेरा हजारांवरून पन्नासेक सेकंद. पाच-साडेपाच हजारांवर छत्री उघडते, खांद्यांना आणि मांड्यांना पट्टे काचतात, आणि आवाज बंद.

त्यानंतरची पाच-सहा मिनिटं जाहिरातीत कोणी दाखवत नाही, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिथे. बोललेलं ऐकू येतं. इन्स्ट्रक्टरने छत्री उघडताच पहिलं काम केलं ते वर बघण्याचं: कप्पे फुगले का, स्लायडर खाली आला का, दोऱ्या सरळ आहेत का, सुकाणूचे दोर चालतात का. मग म्हणाला, "अब देखो." कुत्र्याचं भुंकणं वरपर्यंत येत होतं. ट्रॅक्टर चालला होता. बसल्या जागी घसरत आम्ही उतरलो तेव्हा माझ्या पँटला माती लागली, बाकी काही नाही.

काकू माझ्यानंतर उतरल्या. अंबाडा जागच्या जागी होता. "पुन्हा कधी नेणार?" हे त्यांनी मुलाला नाही, इन्स्ट्रक्टरला विचारलं.

आता धोक्याबद्दल. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींनुसार २०२३मध्ये तिथे साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. साडेतीन लाखांहून जास्त उड्यांमागे एक मृत्यू. नोंदी नीट वाचल्या तर अजून एक गोष्ट दिसते. जाणाऱ्यांपैकी पुष्कळांची छत्री व्यवस्थित उघडलेली असते. अनुभवी माणूस, छोटी वेगवान छत्री, जमिनीजवळ मारलेलं जोरदार वळण, आणि चुकलेला अंदाज. पहिल्यांदा जाणाऱ्या घाबरटापेक्षा शेकडो उड्या झालेल्याला जास्त जपावं लागतं. २०१२ साली फेलिक्स बाउमगार्टनर ३९ किलोमीटर उंचीवरून, अंतराळाच्या उंबरठ्यावरून उडी मारून सुखरूप उतरला. २०२५च्या जुलैत इटलीत मोटरवर चालणाऱ्या पॅराग्लायडिंगमध्ये तो गेला.

पण तो आकडा अमेरिकेचा, म्हणजे तिथल्या रिगरच्या सहीचा आणि १८० दिवसांच्या नियमाचा. आपल्याकडच्या जाहिरातीत तो छापला म्हणून ती शिस्त आपोआप येत नाही. जानेवारी २०२५मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याहून गेलेली एक तरुणी आणि तिचा पायलट दोघंही दरीत पडून गेले. परवान्याविना धंदा चालवल्याबद्दल मालकावर गुन्हा दाखल झाला. स्कायडायव्हिंगला विमान, धावपट्टी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, त्यामुळे कोणीही उठून सुरू करावं असा हा उद्योग नाही, हे बरंच आहे. महाराष्ट्रात तो रुजणं सोपंही नाही: चार महिने ढग, मुंबईभोवती विमानांची दाटी, पुण्याचा तळ हवाई दलाचा. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर काही काळ उड्या झाल्या होत्या. खानदेश-विदर्भाला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे उज्जैन. मध्य प्रदेश पर्यटन खातं तिथल्या दताना धावपट्टीवर हिवाळ्यात स्कायडायव्हिंग महोत्सव भरवतं. सकाळी महाकाल, दुपारी उडी असा बेत जमतो, आणि तोच क्रम बरा.

तारकर्लीला किंवा गोव्यात स्कूबा करून आला असाल तर उडीआधी किमान एक अख्खा दिवस जाऊ द्या. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो. पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं फॉर्मवर लपवू नका. तुमच्या अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेत का, हेही घरून निघण्याआधी बघा. बहुतेकांत ते वगळलेले असतात.

आणि तिथे पोहोचल्यावर सही करण्याआधी तीन गोष्टी मागा: कंपनीचा परवाना, तुमच्या इन्स्ट्रक्टरचं टँडेम रेटिंग आणि राखीव छत्रीचं कार्ड. कार्डावरची शेवटची तारीख आणि सही स्वतः वाचा. चांगला माणूस हे हसत दाखवतो, कारण दिवसभर तोही तेच तपासत असतो. समोरचा चिडला, किंवा "हम पे भरोसा नहीं क्या?" म्हणाला, तर पैसे परत मागा, नारनौल गावात शेरशाह सूरीच्या आजोबांचा मकबरा आहे तो बघा, आणि दुपारच्या गाडीने दिल्ली गाठा.